बर्फ, वारा आणि स्वराज्य



वैशाखाच्या उन्हाने दिवसभर भाजून निघालेली आपण मंडळी संध्याकाळी येथे जमलो आहोत आणि मी आपणांस बर्फाविषयी सांगणार आहे. वक्त्याने हंगाम पाहून विषय निवडला, असे कोणी म्हणेल तर माझी हरकत नाही. परंतु तासाभरानंतर येथून उठताना आपणांस गारवा वाटेलच अशी हमी मात्र मी देत नाही. कारण ज्या बर्फाविषयी मी बोलणार आहे तो वितळू लागला आहे, आणि त्याच्या वितळण्याशी आपल्या कोकणपट्टीचाही संबंध आहे. तो कसा, हे शेवटी सांगेन.

उत्तर ध्रुवाचा प्रदेश मराठी माणसाला अगदीच परका नाही. लोकमान्यांनी १९०३ साली वेदांतील आर्यांच्या मूलस्थानाविषयी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ऋग्वेदातील दीर्घ उषेची वर्णने, सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र यांविषयीचे उल्लेख, यांवरून आपले पूर्वज एके काळी उत्तर ध्रुवाजवळ राहत असावेत, असा त्यांचा सिद्धान्त होता. आजचे संशोधक तो निष्कर्ष स्वीकारत नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. पण त्या ग्रंथामुळे महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांना ध्रुवप्रदेशाचे नाव घरचे वाटू लागले. मात्र एक गोष्ट आपण विसरलो. आपले पूर्वज तेथे राहत होते की नाही याचा खल करताना, तेथे आज कोण राहते हे विचारायचे राहून गेले. आजचे व्याख्यान त्या राहून गेलेल्या प्रश्नाविषयी आहे.

उत्तरेकडचा सगळाच प्रदेश एका तासात फिरून येणे शक्य नाही. म्हणून मी एकच देश घेतो. तो म्हणजे ग्रीनलंड. मी तेथे गेलेलो नाही. जे वाचले, पडताळून पाहिले, तेवढेच सांगतो.

नकाशावर ग्रीनलंड दिसतो त्याहून लहान आहे. आपल्या भिंतीवरचे नकाशे ध्रुवाकडील भाग ताणून दाखवतात. तरीही त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर भरते, म्हणजे महाराष्ट्राच्या सातपट. त्यातील सुमारे ऐंशी टक्के भूमी बर्फाखाली आहे आणि हा बर्फ मध्यभागी तीन किलोमीटरांहून अधिक जाड आहे. कळसूबाईसारखी दोन शिखरे एकावर एक ठेवली तरी बुडून जातील एवढा! आणि या सातपट महाराष्ट्रात माणसे किती? सुमारे ५७ हजार. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात याहून अधिक वस्ती असते. ही सर्व माणसे किनाऱ्याच्या अरुंद पट्टीत राहतात. नूक ही राजधानी आणि तेथे सुमारे वीस हजार लोक आहेत. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नाही. होडी, विमान, आणि हिवाळ्यात गोठलेला समुद्र, एवढेच मार्ग.

तेथील मूळ लोक म्हणजे इन्युइट. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांना ‘एस्किमो’ म्हणत. ते नाव इतरांनी दिलेले; त्यांना ते आवडत नाही, तेव्हा आपणही ते सोडावे हे बरे. स्वतःच्या देशाला ते ‘कलाल्लित नुनात’ म्हणतात, म्हणजे कलाल्लितांची भूमी.

त्यांच्या भाषेतला एक शब्द आज मला आपल्यासमोर ठेवावयाचा आहे. तो शब्द ‘सिला’. सिला म्हणजे हवामान. सिला म्हणजे घराबाहेरचे मोकळे जगही. आणि सिला म्हणजे बुद्धी, शहाणपण. एकाच शब्दात या तिन्ही गोष्टी आहेत. आपण म्हणू, हवामान आणि बुद्धी यांचा काय संबंध? पण जेथे बाहेर पाऊल टाकण्यापूर्वी आकाश वाचता आले नाही तर माणूस संध्याकाळी घरी परतत नाही, तेथे हवा ओळखणे यालाच शहाणपण म्हणावे लागते. हा शब्द ध्यानात असू द्या.

आता वाऱ्याकडे वळू. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर एक वारा वाहतो, त्याला ‘पितेराक’ म्हणतात. अंगावर धावून येणारा, असा त्या शब्दाचा भाव. तो कसा उत्पन्न होतो हे समजणे आपल्याला अवघड नाही. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस दऱ्याखोऱ्यांतून कोकणात कसा कोसळतो, ते आपण पाहिले आहे. तेथे पाण्याऐवजी हवा कोसळते. बर्फाच्या विशाल घुमटावर हवा अतिशय थंड होते. थंड हवा जड असते. ती उतारावरून खाली घसरू लागते. समोर समुद्रावर कमी दाबाचा पट्टा असला की तो तिला ओढून घेतो. अरुंद खोऱ्यांत शिरल्यावर तिचा वेग भयंकर वाढतो. ६ फेब्रुवारी १९७० रोजी तासीलाक नावाच्या गावावर असा पितेराक आला. वारा मोजणारे यंत्रच मोडून गेले. वेग ताशी तीनशे किलोमीटरांहून अधिक असावा असा अंदाज आहे. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलेले ‘निसर्ग’ वादळ आपल्याला आठवते. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करणाऱ्या त्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे एकशेदहा ते एकशेवीस किलोमीटर होता. यावरून कल्पना करावी. त्या तडाख्यानंतर पितेराकची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था झाली.

असा वारा तेथे पूर्वीही होता. त्याच्याशी त्या लोकांचे जुने वैर आहे आणि जुनी ओळखही आहे. आजची अडचण वेगळी आहे: ज्याच्याशी ओळख होती तेच बदलू लागले आहे.

उत्तर ध्रुवाचा प्रदेश गेल्या चार दशकांत पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. असे का व्हावे? पांढरा बर्फ सूर्याचा बराचसा प्रकाश परत फेकतो. तो वितळून खालचे काळे पाणी उघडे पडले की तेच पाणी ऊन शोषून घेते. त्यामुळे आणखी बर्फ वितळतो. चुना लावलेले घर आणि डांबर फासलेले घर यांतला फरक आपल्याला ठाऊक आहेच. याखेरीजही कारणे आहेत, परंतु मुख्य चक्र हे. २००२ सालापासून उपग्रहांच्या साहाय्याने ग्रीनलंडच्या बर्फाचे जणू वजन केले जात आहे. त्यानुसार तेथील बर्फ दरवर्षी सरासरी अडीचशे अब्ज टनांहून अधिक घटतो आहे. १४ ऑगस्ट २०२१ या दिवशी बर्फाच्या घुमटाच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० मीटर उंचीवर, पाऊस पडला. तेथे पाऊस पडल्याची ही पहिलीच नोंद. मृगाची वाट पाहणाऱ्या आपल्याला पावसाची भीती वाटत नाही. तेथे मात्र बर्फाऐवजी पाऊस पडला ही धास्तीची वार्ता होती.

हे आकडे झाले. माणसाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ काय? अगदी उत्तरेला, सत्त्याहत्तर अंशांवर, कानाक नावाचे सुमारे सहाशे वस्तीचे गाव आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस तेथे सूर्य मावळतो तो फेब्रुवारीच्या मध्यावर उगवतो. तेथील शिकारी माणसाला गोठलेला समुद्र म्हणजे आपल्या शेतकऱ्याची जमीन आणि आपल्या व्यापाऱ्याची सडक, दोन्ही एकदम. त्यावरून तो कुत्र्यांची गाडी हाकतो, त्यातच भोके पाडून मासे धरतो, त्याच्याच कडेला सील गाठतो. आता हा बर्फ उशिरा जमतो, लवकर फुटतो आणि पातळ राहतो. १३ जून २०१९ रोजी कानाकजवळ एका डॅनिश शास्त्रज्ञाने घेतलेले छायाचित्र जगभर छापले गेले. त्यात कुत्री गाडी ओढीत आहेत आणि ती जणू पाण्यावरून धावत आहेत. खाली बर्फ होता, पण वरचा थर वितळून ते पाणी झाले होते. तेथील वृद्ध शिकाऱ्याला वडिलांनी जे शिकवले, की या महिन्यात या खाडीवरून जावे, अमुक रंगाच्या बर्फावर पाऊल ठेवावे, त्यावर आता तो आपल्या नातवाला सोडू शकत नाही. ग्रीनलंडमधील गाडीच्या कुत्र्यांची संख्या या शतकाच्या आरंभापासून जवळजवळ निम्म्यावर आली आहे. बैल विकणाऱ्या शेतकऱ्याचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातले दुःख सांगावयास नको.

आणि केवळ पाणीच नव्हे, तेथे डोंगरही सुटू लागले आहेत. कडे आणि उतार जे धरून राहतात ते गोठलेल्या मातीच्या आणि हिमनद्यांच्या आधाराने. हा आधार सुटला की कडा कोसळतो. १७ जून २०१७ च्या रात्री पश्चिम किनाऱ्यावर कारात नावाच्या खाडीत डोंगराचा भाग पाण्यात पडला. उसळलेली लाट सुमारे तीस किलोमीटरांवरच्या नूगात्सिआक गावावर आली. अकरा घरे वाहून गेली, चार माणसे मेली. कडा पुन्हा कोसळण्याची भीती असल्यामुळे ते गाव आणि शेजारचे इलोर्सुइत ही दोन्ही गावे रिकामी करावी लागली. तेथील लोक परत आपल्या घरी राहावयास गेले नाहीत. पुढे १६ सप्टेंबर २०२३ रोजी पूर्व किनाऱ्यावरील डिक्सन खाडीत, पायथ्याची हिमनदी झिजल्यामुळे, असाच एक डोंगर ढासळला. सुमारे दोनशे मीटर उंच लाट उठली. तेथे वस्ती नव्हती म्हणून जीवितहानी झाली नाही. परंतु त्या अरुंद खाडीत पाणी परातीतल्या पाण्यासारखे इकडून तिकडे नऊ दिवस हेलकावत राहिले, आणि त्याची स्पंदने जगभरच्या भूकंपमापकांवर उमटली. ती कशाची आहेत हे प्रथम कोणासच उमगेना. एका वर्षाने, अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी मिळून त्याचा उलगडा केला.

येथपर्यंत मी निसर्गाविषयी बोललो. आता माणसांच्या कारभाराकडे वळतो. माझ्या मते, हवामानाचा तडाखा किती बसेल हे केवळ हवामान ठरवीत नाही. त्या माणसांना हलण्याची, ठरविण्याची, नाही म्हणण्याची कितपत मुभा आहे, यावरही ते अवलंबून असते. ग्रीनलंडचा इतिहास याची एकाहून एक साक्ष देतो.

दहाव्या शतकाच्या अखेरीस आइसलंडहून नॉर्स लोक तेथे गेले. दक्षिणेला त्यांनी गाईगुरे पाळली, दगडी चर्चे बांधली. १४०८ साली व्हाल्से येथील चर्चमध्ये एक विवाह झाला. त्या वसाहतीविषयी पुढे कोणतीच लेखी वार्ता मिळत नाही. ती का नाहीशी झाली याला कारणे अनेक असतील. वाढती थंडी हे त्यांतले एक. त्याच थंडीत इन्युइट लोक मात्र टिकले. ते सीलच्या मागे मागे हिंडत होते. ज्याचे घर हलते त्याला ऋतू बदलला तरी निभावता येते.

१७२१ साली हान्स एगेदे नावाचा पाद्री डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाकडून तेथे आला. हरवलेल्या नॉर्स लोकांचा शोध घ्यावा, हा त्याचा हेतू. ते सापडले नाहीत. मग त्याने इन्युइट लोकांस ख्रिस्ती करण्याचे काम हाती घेतले. १७७६ पासून सरकारी कंपनीला व्यापाराचा मक्ता मिळाला. आपणांस हा क्रम ओळखीचा वाटेल. एक गोष्ट मात्र मला हेवा वाटण्यासारखी दिसते. १८६१ साली तेथे ग्रीनलंडच्या भाषेत वृत्तपत्र सुरू झाले, आपल्या ‘केसरी’च्या वीस वर्षे आधी! सीलच्या चरबीचे दिवे लावून त्या विरळ वस्तीतले लोक आपल्या भाषेत छापलेले वाचीत होते. पुढे त्या राष्ट्राला जो कणा लाभला त्याचे एक मूळ येथे आहे, असे मला वाटते.

यानंतर १९५३ हे साल. त्या वर्षी ५ जूनला डेन्मार्कची नवी राज्यघटना अमलात आली. ग्रीनलंड ही वसाहत राहिली नाही, तो डेन्मार्कचा भाग झाला आणि डॅनिश संसदेत त्याला दोन जागा मिळाल्या. कागदावर ही समानता होती. पण त्याच वर्षी, त्याच्या अगदी काही दिवस आधी, मे महिन्यात, उत्तरेकडे काय घडले? दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात गेला तेव्हा अमेरिकेने ग्रीनलंडच्या रक्षणाचा भार घेतला होता. १९५१ च्या करारानंतर तिने तेथे थुले हा मोठा हवाई तळ उभारला. त्या तळाच्या विस्तारासाठी शेजारच्या वस्तीतील सत्तावीस कुटुंबांना, सुमारे ११६ माणसांना, काही दिवसांच्या मुदतीत शंभर किलोमीटरांहून अधिक उत्तरेला हलविण्यात आले. नवी घरे तयार नव्हती. कित्येकांनी तो उन्हाळा तंबूत काढला. मघाशी मी ज्या कानाक गावाचे नाव घेतले, ते असे वसलेले आहे. १९९९ साली डॅनिश पंतप्रधानांनी याबद्दल क्षमा मागितली. २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली, पण जुन्या जागी परतण्याचा हक्क दिला नाही. तेव्हा लक्षात घ्या, आज ज्या पातळ बर्फावर ती माणसे जीव मुठीत धरून उभी आहेत, तेथे त्यांना हवामानाने आणून ठेवले नव्हते.

दुसरे उदाहरण याहून बोधप्रद आहे. १९२० नंतर ग्रीनलंडच्या पश्चिमेचे पाणी थोडे कोमट झाले आणि तेथे कॉड माशांचे थवे आले. सीलच्या शिकारीवर जगणारा समाज मासेमारीकडे वळला. पुढे डेन्मार्कच्या नियोजनकारांनी हिशेब मांडला: माशांचा धंदा वाढवावयाचा, तर लहान लहान वस्त्या परवडणार नाहीत; हिवाळ्यातही पाणी खुले राहते अशा मोजक्या बंदरांत लोक एकत्र आणावेत. घरे, शाळा, रुग्णालये येतील, क्षयरोग हटेल. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. क्षयरोग खरोखरीच हटला. परंतु शिकाऱ्यांना चाळींत कोंबण्यात आले. नूकमधील ‘ब्लॉक पी’ नावाच्या एकाच पाच मजली इमारतीत ग्रीनलंडच्या सुमारे एक टक्का लोकांची बिऱ्हाडे होती. तिचे दरवाजे एवढे अरुंद होते की शिकारीचा जाड पोशाख घालून आतबाहेर करणे कठीण होई. मासे साफ करावयास न्हाणीघरातील टबाखेरीज जागा नसे. १९६४ पासून तर कायदाच असा होता की एकाच कामासाठी डेन्मार्कमध्ये जन्मलेल्याला अधिक पगार आणि ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्याला कमी. डिस्को बेटावर कुल्लिस्सात हे कोळशाच्या खाणीचे भरभराटीचे गाव होते. खाण तोट्यात म्हणून १९७२ साली सरकारने ते संपूर्ण बंद केले आणि तेथील माणसे किनाऱ्यावरील निरनिराळ्या गावांत विखरून टाकली.

आणि कॉडचे काय झाले? १९६० च्या आसपास वर्षाला चार लाख टनांपर्यंत गेलेली मासळी साठीची दशके संपता संपता घसरली. पाणी पुन्हा थंड झाले होते, आणि देशोदेशीच्या बोटींनी बेसुमार उपसाही केला होता. ज्या माशाच्या भरवशावर गावे उठवली तो मासा निघून गेला. गावे मात्र परत बसली नाहीत. हवा बदलते हे शिकाऱ्याला ठाऊक होते. नियोजनाच्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

याच चटक्यांतून तेथील तरुण पिढी जागी झाली. १९७२ साली युरोपीय समाजात सामील व्हावे की नाही यावर मतदान झाले. ग्रीनलंडच्या सुमारे सत्तर टक्के मतदारांनी नकार दिला. पण डेन्मार्कच्या बहुमताबरोबर त्यांनाही आत जावे लागले. आपल्या पाण्यात कोणी मासे धरावेत हे दूर ब्रुसेल्सला ठरणार, हे त्यांना मानवले नाही. १९७९ साली सार्वमत घेऊन त्यांनी गृहराज्य मिळवले. १९८२ साली पुन्हा मतदान करून, १ फेब्रुवारी १९८५ ला, ते युरोपीय समाजातून बाहेर पडले. त्याच वर्षी त्यांनी आपला लाल-पांढरा ध्वज उभारला. २००८ च्या सार्वमतात पंचाहत्तर टक्के लोकांनी कौल दिला आणि २१ जून २००९ पासून स्वराज्याचा कायदा अमलात आला. ग्रीनलंडची भाषा ही राजभाषा झाली, भूमीखालच्या संपत्तीवर त्यांचा अधिकार आला, आणि जनतेने ठरवले तर स्वतंत्र होण्याचा मार्गही कायद्याने मान्य झाला. गोळी न झाडता, मतपेटीच्या बळावर, एवढ्याशा समाजाने ही मजल मारली.

मग पूर्ण स्वातंत्र्य का नाही? येथे पुन्हा हवामान आडवे येते. सरकारी उत्पन्नाचा जवळपास निम्मा भाग आजही डेन्मार्कच्या अनुदानातून येतो. निर्यातीतील नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा मासळीचा. २०११ साली पूर्वेच्या पाण्यात मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, दिसू लागला आणि तीन वर्षांत निर्यातीचा सुमारे पाचवा हिस्सा त्याने उचलला. पण कॉडची कथा ज्यांनी ऐकली ते पाहुण्या माशावर राज्य उभारणार नाहीत. राहिली खनिजे. बर्फ हटेल तसे खडक उघडे पडतात. त्यांत दुर्मीळ धातू आहेत. म्हणजे ज्या तापमानवाढीने शिकाऱ्याचा रस्ता मोडला, तीच स्वातंत्र्याचा खर्च भागवील, असा विचित्र सौदा समोर आला. त्या लोकांनी काय केले पाहा. २०१३ साली युरेनियम काढण्यावरील बंदी त्यांच्या विधिमंडळाने एका मताने उठवली. पुढे नारसाक या गावाजवळच्या खाणीवरून वाद पेटला. त्याच पंचक्रोशीत मेंढ्या चरतात, गवत पिकते; धूळ उडाली तर त्यांचे काय? एप्रिल २०२१ ची निवडणूक या प्रश्नावर झाली, खाणीला विरोध करणारा पक्ष जिंकला आणि युरेनियमवर पुन्हा बंदी आली. तेलाचा नवा शोधही त्याच वर्षी थांबवण्यात आला. हा निर्णय शहाणा की वेडा, यावर तेथेही मतभेद आहेत. पण तो त्यांनी घेतला. नुकसान झाले तर ते स्वतःच्या निर्णयाचे असेल.

अलीकडे जगाची नजर पुन्हा त्या बेटावर गेली आहे. अमेरिकेने ते विकत मागण्याचा विचार नवा नाही. १९४६ साली ट्रूमन यांच्या सरकारने दहा कोटी डॉलरांचे सोने देऊ केले होते. २०१९ साली अध्यक्ष ट्रंप यांनी तीच इच्छा बोलून दाखवली आणि २०२५ साली अधिक जोराने. बर्फ हटल्यावर खुले होणारे सागरी मार्ग, खनिजे आणि लष्करी तळ, ही त्यामागची गणिते. जानेवारी २०२५ च्या एका लोकमत चाचणीत पंच्याऐंशी टक्के ग्रीनलंडवासीयांनी अमेरिकेत जाण्यास नकार दिला. ११ मार्च २०२५ च्या निवडणुकीत सर्वांत अधिक मते मिळाली ती स्वातंत्र्याकडे सावकाश, पाऊल पाहून जावे असे म्हणणाऱ्या पक्षाला. आणि पाचांपैकी चार पक्षांनी एकत्र येऊन सरकार बनवले. पातळ बर्फावरून चालणारा माणूस पहारीने पुढचा बर्फ ठोकून पाहतो आणि मगच पाऊल टाकतो. त्या मतदानात मला तीच सवय दिसली.

डेन्मार्ककडूनही जुने हिशेब पुरे होत आहेत, पण किती उशिराने! १९५१ साली प्रयोग म्हणून बावीस लहान मुलांना डेन्मार्कला नेऊन त्यांची भाषा पुसण्यात आली. त्याची क्षमा २०२० साली मागितली गेली. १९६० नंतरच्या काळात हजारो स्त्रियांच्या आणि मुलींच्या शरीरात, कित्येकींच्या संमतीवाचून, संततिप्रतिबंधाची साधने बसवण्यात आली. त्याची क्षमा डॅनिश पंतप्रधानांनी सप्टेंबर २०२५ मध्ये नूकला जाऊन मागितली. क्षमेने गेलेले परत येत नाही. परंतु ज्याला क्षमा मागितली जाते तो माणूस आहे, एवढे तरी तीत कबूल होते.

आता मी सुरुवातीचे वचन पाळतो. ग्रीनलंडचा सर्व बर्फ वितळला तर जगातील समुद्र सरासरी सात मीटरांहून अधिक वर येईल. याला अनेक शतके लागतील, घाबरून जाण्याचे कारण नाही. पण थोडा थोडा तो चढतोच आहे. यात एक विलक्षण गोष्ट आहे. बर्फाचा एवढा प्रचंड ढीग आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो घटला की ते पाणी सुटून दूर जाते. शिवाय भार हलका झाल्याने तेथील जमीन वर उचलली जाते. परिणामी ग्रीनलंडच्या स्वतःच्या किनाऱ्यावर समुद्र उतरतो आणि त्या बर्फाचे पाणी चढते ते दूरच्या किनाऱ्यांवर. मुंबईवर, रत्नागिरीवर, मालवणवर, पणजीवर. बर्फ त्यांचा, भरती आमची! आणि उलट बाजूने, ज्या धुराने तो बर्फ वितळतो तो धूर त्या ५७ हजार माणसांनी काढलेला नाही. तो जगातील मोठ्या देशांचा आहे. आजच्या धुरात आपलाही वाटा आहे.

म्हणूनच गोव्यात वास्को येथे आपली ध्रुवीय संशोधन संस्था आहे, आणि २००८ पासून स्वालबार्ड द्वीपसमूहावर ‘हिमाद्री’ हे भारताचे केंद्र आहे, ही मला समाधानाची गोष्ट वाटते. २०१३ पासून उत्तर ध्रुवीय देशांच्या परिषदेत भारत निरीक्षक आहे. मात्र तेथे आपण केवळ बर्फाचे थर आणि खनिजांचे साठे मोजावयास जाऊ नये. दीडशे वर्षे दुसऱ्यांनी आपल्या भूमीचे नकाशे काढले, आपल्याला न विचारता आपले हिशेब मांडले. त्याची आठवण ठेवून जावे.

आपल्याकडेही धरणांसाठी गावे उठली. आपल्या किनाऱ्यावरही मासळी रुसते, आपल्याही पावसाची नक्षत्रे चुकू लागली आहेत. उद्या कोणी नियोजनकार वही घेऊन येईल आणि सांगेल की अमुक वाडी येथून हलवा. कदाचित त्याचे म्हणणे बरोबरही असेल. नूगात्सिआकची माणसे धोक्यामुळेच हलवावी लागली. पण कोठे जावयाचे, केव्हा, आणि मागे काय ठेवावयाचे, हे त्या वाडीला विचारून ठरले पाहिजे. विचारून हललेले गाव नव्या जागी गाव म्हणून उभे राहते. न विचारता हलवलेल्या गावाची केवळ घरे उरतात.

सिला या शब्दात हवा आणि शहाणपण एकत्र नांदतात, असे मी म्हटले होते. हवा आता सर्वांचीच बिघडली आहे. शहाणपण किती जणांपाशी उरले आहे, ते पुढची काही वर्षे ठरवतील.